जॉबरसाहेबांचं खुराडं

माझ्या साडीचा पदर हातात धरून त्यातले धागे मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. आम्ही खोली बघायला गेलो होतो. मी, माझे मिस्टर आणि मिस्टरांच्या कडेवर चार वर्षांची पिंकी. मिस्टर भाड्याचं बोलत होते, तेवढ्यात ह्या गृहस्थांनी सदऱ्याच्या खिशातून पितळेचं घडीचं भिंग काढलं, "जरा पदर" म्हणाले, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत डोळा लावून मोजायला लागलेसुद्धा. मग मान वर करून इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. "पॉवरलूमचं आहे! इंचाला चार धागे कमी! फसवलं तुम्हाला!" रोजचीच साडी होती ती, पण चारचौघांत असं ऐकल्यावर मला रडूच यायला लागलं. मागून त्यांच्या बायको, म्हणजे काकू आल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्याकडे लक्ष नका देऊ हो. ते देवीच्या साडीचेही मोजतात."

त्यांचं नाव मला ठाऊक होतं, पण गल्लीत ते कुणी घेत नसे. इंदूरमधल्या परदेशीपुऱ्याच्या त्या भागात सगळे त्यांना जॉबरसाहेब म्हणत. मी काका म्हणायची. तीसेक वर्षं त्यांनी मिलच्या विणाई खात्यात काढली होती. जॉबर म्हणजे कापड विणणारा नव्हे, विणणाऱ्यांचे लूम चालू ठेवणारा. लूम अडला की धावायचं, नट-बोल्ट कसायचे ते कसायचे, धागा का तुटतोय ते शोधायचं. शेकडो लूम एकदम खडखडतात तिथे माणसाचे कान किती टिकणार? यांचे चाळिशीतच गेले. पण त्या खात्यातली माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात, त्यात हे तर उस्ताद. तुम्ही अंगणाच्या त्या टोकाला उभं राहून कुजबुजा, यांना अक्षर न् अक्षर कळायचं. फक्त स्वतःचा आवाज केवढा आहे ते कळायचं नाही. "आमटीत मीठ कमी आहे" असं ते घरात म्हणाले की चौथ्या घरातली बाई दुसऱ्या दिवशी काकूंना विचारायची, "काल मीठ संपलं होतं का हो?"

त्यांचं एक वाक्य होतं. ते मी त्यांच्या तोंडून हजारदा तरी ऐकलं असेल. "धागा तुटला तर माणसाला शिव्या देऊ नका, आधी हवा बघा." विणाई खात्यात हवा दमट लागते म्हणे. हवा कोरडी झाली की सूत कडक होतं आणि पटापट तुटतं. नवे साहेब लोक येतात, विणणाऱ्यावर ओरडतात, आणि चूक असते हवेची. हे त्यांनी इतकं मनात घेतलं होतं की घरात काहीही बिघडलं तरी हवेवरच जायचे. दूध नासलं, हवा बघा. पिंकी रडतेय, हवा बघा. रविवारी माझं आणि मिस्टरांचं वाजलं की अंगणातून आवाज यायचा, "आज कोरडी आहे रे हवा, दोघंही गप्प बसा!" भांडण तिथल्या तिथे मिटायचं. हसू आल्यावर काय भांडणार माणूस?

आम्ही राहायला गेलो तेव्हा मिल बंद होऊन वर्ष होत आलं होतं. बाहेर सगळीकडे नवीन जमान्याची हवा. टीव्हीवर रंगीत जाहिराती, पीथमपूरला नवनवे कारखाने, भंवरकुआंला कॉम्प्युटरचे क्लास. आणि आमच्या गल्लीत पन्नाशीची धडधाकट माणसं ओट्यावर बसून पोह्यांच्या ठेल्याकडे बघत राहायची. सकाळी उठून मिलच्या गेटपर्यंत जायचं, तीच जुनी नोटीस परत वाचायची, परत यायचं. शेजारचा फिटर असाच आठ महिने ओट्यावर बसला आणि एका दुपारी बसल्या जागीच गेला. ना ताप, ना खोकला. काकूंनी त्याचा धसका घेतला होता. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "मला पैशाची भीती नाही गं, कसंही भागवीन. यांचे हात रिकामे राहिले ना, की हे पण जातील बघ." असं त्या अगदी सरळ आवाजात म्हणाल्या आणि पुढची जुडी घेतली.

काकू म्हणजे कडक बाई. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती. अंडं-मटण घरात नाही. "बाहेर जाऊन काय वाट्टेल ते खा, मी विचारणार नाही. माझ्या उंबऱ्याच्या आत नाही." आम्ही हो म्हटलं, कारण आम्ही तरी कुठे रोज खात होतो? आणि पावसाळा संपता संपता पिंकीला बारीक ताप यायला लागला. जेवायची नाही, खोकायची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दिसायला लागली. तुकोगंजच्या डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढायला लावला आणि म्हणाल्या, प्रायमरी कॉम्प्लेक्स आहे, म्हणजे लहान मुलांचा टीबी, नऊ महिने औषध. वजन साडेअकरा किलो. "हे वजन वाढलं पाहिजे, नाहीतर भरती करावं लागेल. रोज एक अंडं द्या. रोज म्हणजे रोज."

आता काय करता? मिस्टर औषध कंपनीत, आठवडाभर नीमच-मंदसौरकडे फिरतीवर. ते शनिवारी येताना कपड्यांच्या पिशवीत गुंडाळून अंडी आणायचे. मी दार लावून, चहाच्या पातेल्यात उकडून पिंकीला भरवायची आणि टरफलं कागदात बांधून चौकातल्या कचऱ्यात टाकून यायची. खोली सुटली तर दुसरी कुठे मिळणार, ही एक भीती. त्यातून काकूंसारख्या बाईशी खोटं वागतेय, ते निराळंच टोचायचं.

तीन आठवडे निभलं. चौथ्या शनिवारी मिस्टर दारात उभे होते आणि मी अगदी हळू विचारलं, "अंडी आणलीत ना? फुटली नाहीत ना?" काका अंगणाच्या पार पलीकडे सायकल पुसत बसले होते. मी मान वळवली तर ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. कर्म माझं! ओठ वाचणाऱ्या माणसाच्या अंगणात राहून मी कुजबुजत होते.

ते उठून आले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मग स्वतःचा आवाज आठवला असावा, कारण तोंड मिटून मला खुणेनं मागच्या परसात बोलावलं. तिथे भिंतीच्या आड उभं राहून त्यांनी बोटांनी अंड्याचा आकार केला आणि भुवया वर केल्या. मी खरं ते सगळं सांगून टाकलं. पिंकीचा आजार, वजन, डॉक्टरबाई. "आम्ही महिनाअखेर खोली सोडतो काका," असंही म्हटलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांचं डोकं दुसरीकडेच होतं.

"आठवड्याची एकदम आणतेस?" आवाज दाबून बोलले, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांना ऐकू गेलं असेल.

"हो."

"म्हणजे शुक्रवारी पोरीला सात दिवसांचं शिळं देतेस? कुठल्या कोंबडीचं, कधी घातलेलं, कुणी तपासलेलं, काही पत्ता नाही?"

मी तयारी केली होती धर्मावरून बोलणी खायची, आणि हा माणूस माल तपासला नाही म्हणून रागावला होता. मला हसावं की रडावं कळेना. संध्याकाळी त्यांनी घरात जाहीर केलं आणि ते अर्थात सगळ्या गल्लीनं ऐकलं. "पिंकीला रोज अंडं लागतं! मी मागे कोंबड्या पाळणार आहे!"

काकू चिडल्या की त्यांच्याकडे पाठ करून बोलायच्या. समोरच्याला ओठ दिसले नाहीत की संपलं. काय वाट्टेल ते म्हणा, त्यांना एक अक्षर कळायचं नाही. पुढचे चार दिवस काकू स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून जे बोलल्या ते मी सगळं ऐकलं आणि काकांनी त्यातलं काहीही ऐकलं नाही. ते त्यांच्याभोवती गोल फिरायचे, "काय? काय म्हणतेस?" करत, आणि काकू त्यांच्याबरोबर गोल फिरून पाठच दाखवायच्या. पाचव्या दिवशी काका लोहामंडीतून जाळीचे तुकडे खांद्यावर घेऊन आले. अंगावर घाम होता आणि कित्येक महिन्यांनी ते शीळ वाजवत होते. काकूंनी दारात उभं राहून ते पाहिलं, मग त्यांच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "परसाच्या पार कोपऱ्यात. माझ्या तुळशीपासून लांब. आणि शिजवायचं ते बाहेर, वेगळ्या स्टोव्हवर." मी तिथेच होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यांना ते आवडलं नसतं.

आता खुराडं. अहो, खुराडं म्हणजे लोक काय करतात? चार फळ्या, वर पत्रा, पुढे मुर्गाजाळी, झालं. काकांनी आधी सियागंजातल्या दुकानात जाऊन ती षटकोनी भोकांची मुर्गाजाळी बघितली आणि तिच्यात आपली करंगळी घातली. करंगळी काय, दोन बोटं गेली. "ही जाळी कोंबडीला आत ठेवते," ते दुकानदाराला म्हणाले, "मुंगसाला बाहेर नाही ठेवत." आणि निघाले. त्यांचा हिशेब सोपा होता. जिथे करंगळी जाते तिथे मुंगसाचं पिल्लू जातं. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी पाहिजे, आणि ती महाग. मग त्यांनी भंगारवाल्यांकडे पडलेले हातभर-दोन हात तुकडे उचलले आणि परसात बसून तारेनं एकमेकांना असे जोडले की जोड कुठे आहे ते भिंगानं शोधायला लागावं. सांगाडा जुन्या लोखंडी खाटेचा. बाजूच्या पट्ट्या म्हणजे मिलमध्ये कापसाच्या गाठी बांधतात त्या लोखंडी पट्ट्या, त्या भंगारात किलोवर मिळायच्या. अंडी घालायच्या पेट्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यांच्या, कडा दुमडून, हात फिरवला तरी लागणार नाहीत अशा. सगळं खुराडं जमिनीपासून गुडघाभर उंच.

ओट्यावरची सगळी रिकामी माणसं आता आमच्या परसाच्या भिंतीवर येऊन बसायला लागली. आणि इंदूरचा माणूस भिंतीवर बसला की सल्ला देणारच. "अरे भिया, ये पाया टेढ़ा है!" "जॉबरसाब, दरवाजा उधर से दो ना!" काका त्यांच्याकडे पाठ करून काम करायचे. ती युक्ती काकूंकडूनच उचललेली. पण दोन दिवसांनी त्यातला एक सुतार खाली उतरला आणि त्यानं दार केलं. मग एक जण उतरला आणि त्यानं खड्डा खणला. खुराड्याच्या चारी बाजूंनी काकांनी जमिनीत हातभर रुंद जाळी आडवी पुरली आणि वर विटा घातल्या. मी विचारलं, हे कशाला? "मुंगूस भिंतीला चिकटूनच उकरतं. खाली जाळी लागली की तिथेच उकरत राहतं. हातभर मागे सरकून उकरावं एवढी अक्कल त्याला नसते. आपल्या मिलच्या साहेबांसारखं." भिंतीवरचे सगळे जे हसले! त्या माणसांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दाराच्या कडीचा तपास पिंकीनं केला. चार वर्षांच्या पोरीला जी कडी उघडते ती मांजरालाही उघडेल, असं त्यांचं मत. पहिली कडी पिंकीनं लगेच उघडली. नापास. दुसरी दोन मिनिटांत. नापास. तिसरी आधी उचलायची, मग फिरवायची, मग ओढायची. पिंकीनं तिला लाथ मारली आणि भोकाड पसरलं. "पास!" काका ओरडले.

पाच देशी कोंबड्या आल्या. रोज दोन अंडी, कधी तीन. काका अंडं उजेडासमोर धरून बघायचे, त्यावर पेन्सिलीनं तारीख घालायचे आणि मागच्या खिडकीतून मला द्यायचे. स्वतः जन्मात अंडं खाल्लेलं नाही, पण कुठल्या अंड्याचं कवच पातळ आहे ते सांगायचे आणि त्या कोंबडीला चुनखडीचे तुकडे घालायचे. त्यांचं मिलच्या गेटवर जायचं कधी बंद झालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दिवाळीनंतर पिंकीचं वजन बारा झालं. मी रिक्षातून उतरले आणि अंगणातूनच बोटांनी आधी दहा, मग दोन असे बारा दाखवले. एवढा मोठा माणूस, पण पोरासारखी टाळी वाजवली हो त्यांनी.

आणि मग काकांनी ती चूक केली. विणाई खात्यातलाच माणूस ती करू शकतो, दुसऱ्याला सुचणारसुद्धा नाही.

पौषातली थंडी. आमच्याकडची थंडी कोरडी, ओठ फुटतात. एका कोंबडीच्या नाकातून पाणी यायला लागलं आणि ती घुरघुरायला लागली. काकांनी काय करावं? हवा बघितली. कोरडी! झालं. त्यांनी खुराड्याच्या चारी बाजूंनी बारदान लावून घट्ट बंद केलं, खालच्या भुशावर दिवसातून तीनदा पाणी शिंपडायला सुरुवात केली आणि बारदानही ओलं ठेवलं. आत दमट, कोंदट, अगदी विणाई खात्यासारखं. "आता बघ," मला म्हणाले, "एक धागा तुटायचा नाही." दुसरी कोंबडी आजारी पडली. त्यांनी पाणी चौथ्यांदा शिंपडायला सुरुवात केली. तिसरीनं खाणं सोडलं. आठवड्यात दोन मेल्या आणि उरलेल्या तिघींनी अंडी घालणं बंद केलं.

त्या दिवसांत मी त्यांच्याकडे बघू शकत नसे. जेवायचे नाहीत. खुराड्यासमोर बसून राहायचे, अगदी त्या फिटरसारखे. काकू दारातून बघायच्या आणि पदराचं टोक चावायच्या. इकडे पिंकीचं अंडं बंद पडलेलं. परत बाजारातून आणायचं म्हटलं तर मिस्टर पंधरा दिवसांच्या दौऱ्यावर, आणि मी आणलं तर काकांना काय वाटेल? डॉक्टरबाईंच्या काट्यावर पिंकी बाराच्या खाली आली. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या, आणि मला त्यांचं भरती करायचं बोलणं आठवलं.

संक्रांतीच्या सुमाराला रमजानभाई आले. ते त्याच मिलमधले, काकांचे जुने सोबती. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या कोंबड्या. खुराडं होत असताना ते लेकीकडे बुरहानपूरला होते, नाहीतर तेव्हाच बोलले असते. त्यांनी बारदान उचलून आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं. डोळ्यांतून पाणी. काकांच्या समोर उभे राहिले आणि ओठ नीट हलवून म्हणाले, "जॉबरसाब, आँख जल री है मेरी। ये मुर्गी है, सूत थोड़ी है। इसको सूखा रखो। गंदी हवा ऊपर से निकालो।"

काका उठले, सगळं बारदान दोन्ही हातांनी ओढून फाडून काढलं आणि भिंतीवर बसलेल्या माणसांकडे वळून ओरडले. "चूक माझी! दोन कोंबड्या मी मारल्या! हवा बघितली, पण कोंबडीला विचारलं नाही!" भिंतीवरचे निम्मे त्यांच्या हाताखाली काम केलेले, त्यांचा ओरडा खाल्लेले. जॉबरनं चूक कबूल केलेली त्यांनी कधी पाहिली नसेल. मला विचाराल तर मी नवऱ्याची, बापाची, भावाची, कुणाचीच अशी पाहिलेली नव्हती. त्या क्षणी तो माणूस मला फार मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी ओला भुसा फेकला, चुना मारला, उन्हात वाळवलेलं तूस घातलं. छप्पर काढून नवीन केलं, मिलच्या छपरासारखं करवती दातांचं, प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला जाळी. घाण हवा वरून निघून जाणार, पाऊस आत येणार नाही, आणि बसायच्या दांड्यावर वारा लागणार नाही. रमजानभाईंनी ते पाहून नुसती मान डोलावली. त्यांची मान सहसा डोलत नसे.

पण कोंबड्या लगेच थोड्याच अंडी घालतात? महिना तरी जाणार. तेवढे दिवस काकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. रोज दिवेलागणीला ते चौकातल्या अंड्याच्या ठेल्यावर जाऊन उभे राहायचे. देवळाच्या वाटेवरचा ठेला, आपली सगळी मराठी माणसं तिथून जाणार-येणार. हे बल्बसमोर एकेक अंडं धरून डोळा बारीक करून बघायचे, नापास, नापास, पास, आणि ते एक घेऊन हातात धरून घरी यायचे. पिशवीत लपवायचे नाहीत. एकदा आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका गृहस्थांनी हटकलं. मी मागेच होते. "अहो जॉबरसाहेब, तुम्ही? आणि अंडी?" काकांनी त्यांचे ओठ नीट वाचले आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "हो! घरच्या पोरीला लागतात! तुमच्या घरी लागत नाहीत ना? मग सुखी आहात, देवळात जा!"

घरची पोरगी म्हणाले. भाडेकरूची नाही म्हणाले. मी अंधाराकडे तोंड करून डोळे पुसले.

होळीच्या आधी लाल कोंबडीनं अंडं घातलं, मग दुसरीनं, मग तिसरीनं. दोन नव्या आल्या. मुंगूस दोनदा येऊन गेलं, भिंतीला चिकटून उकरलेलं सकाळी दिसायचं, पण आत काही शिरलं नाही. पिंकीचं वजन चढत गेलं. बारा, साडेबारा, तेरा. फक्त एक झंझट होती. पिंकीला अंडं मुळीच आवडायचं नाही. मी तिला गोष्ट सांगून, गूळ दाखवून, दटावून भरवायची. काकांना हे मी कधीच कळू दिलं नाही. ते विचारायचे, "खाल्लं?" मी म्हणायची, "चाटून पुसून."

नऊ महिने झाले. शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी काट्यावर उभं केलं. चौदा. फोटो साफ. "औषध बंद," त्या म्हणाल्या. "आणि अंड्याची आता जबरदस्ती नको, साधं जेवण पुरे." मी त्यांचे हात धरले. पिंकी तर रिक्षाभर गातच आली, "अंडा बंद! अंडा बंद!"

मी आधी स्वयंपाकघरात गेले. काकू पोळ्या लाटत होत्या. मी सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की आता तुमच्या घरात अंडं नको, इतके महिने तुम्ही फार सोसलंत. काकूंचं लाटणं थांबलं. त्यांनी पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं, घट्ट.

"त्यांना सांगू नकोस," म्हणाल्या. "अंडं बंद करू नकोस. मी सांगते म्हणून. चालू ठेव गं."

उंबऱ्याच्या आत नाही म्हणणारी बाई ही. पिंकी मध्येच म्हणायला लागली, "पर डॉक्टर ने तो बोला," तेवढ्यात काकूंनी तिला ओढून घेतलं आणि तिचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं, कारण काका दारात येऊन उभे राहिले होते.

"किती?"

"चौदा!" मी म्हटलं. "फोटो साफ. औषध बंद."

त्यांचा चेहरा फुलला. आणि लगेच, अगदी माझ्या डोळ्यांदेखत, उतरला. "मग," असं म्हणून ते थांबले. त्या माणसाला मी पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं. "मग अंडंपण बंद?"

त्यांच्याशी खोटं बोलायचं म्हणजे तोंडासमोर उभं राहून, एकेक शब्द नीट उच्चारून बोलावं लागायचं. तसं मी बोलले. "नाही काका. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंडं अजून वर्षभर तरी हवंच. रोज."

"मग हे आधी सांगायचं ना!" ते गरजले. "जीव घाबरा केलास माझा! वर्षभर म्हणजे पाचांनी भागणार नाही. अजून दोन लागतील, पेट्या वाढवाव्या लागतील," असं काय काय बोलत ते परसाकडे वळले आणि जाता जाता मागे न बघता ओरडले, "ऐकलंस का गं? अजून वर्षभर!"

"ऐकलं," काकू त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, आणि पिंकीला सोडून पुढची पोळी लाटायला घेतली.